नमुना जुळला, डाळ शिजेना

उदगीरला आमची लहानशी डाळमिल. सौदा नमुन्यावर होतो. मूठभर तूरडाळ एकाच फडक्याच्या दोन तुकड्यांत बांधायची, एक पुरचुंडी घेणाऱ्याकडं, एक आमच्याकडं. नात लातूरला वकिली शिकते. सुट्टीत तिची पुस्तकं मी वाचते, अडलं की तिलाच विचारते. तेव्हा कळलं, कायद्यातही हा सौदा आहे. माल नमुन्यासारखा पाहिजे, हे तर आम्ही पाळतोच. पण नमुन्यात डोळ्यांना न दिसणारी खोट मालात निघाली, तर ती विकणाऱ्याच्या अंगावर. हे काही मला तेव्हा फारसं रुचलं नव्हतं, बरं का.

मुदखेडचे दोघे भाऊ आमचं नवं गिऱ्हाईक. म्हणून मीच ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून माल घेऊन निघाले. निघताना आमची पुरचुंडी भिंतीतल्या देवळीत सापडेना. आदल्या दिवशी मी माहेरी, मुरुडला होते. म्हटलं, असू दे, त्यांची आहेच.

त्यांनी ताटात पुरचुंडी सोडली, शेजारी पोत्यातली डाळ ओतली. रंग तोच, दाणा तोच.

"जुळलं. उतरवा पोती," थोरला म्हणाला.

"थांब दादा, शिजवून बघू."

"अरे, डाळ घेऊन राहिलास का सोयरीक जुळवून राहिलास?"

तरी धाकट्यानं पोत्यातल्या डाळीचा कुकर लावलाच. झाकण काढलं, तर पाणी वेगळं आणि दाणे वेगळे. बोटानं दाबला तर दबेना. भरला ट्रक परत गेला, तर मी पोचायच्या आत उदगीरच्या बाजारात बोभाटा. मग आमच्या नमुन्यावर कोण विश्वास ठेवणार?

थोरलाच म्हणाला, "आपलं बोअरचं पाणी जड हाय, त्यानं शिजली न्हाई. नमुना जुळला, माल आपला झाला. काय मावशी?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं की पोती उतरली असती. मी बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"अहो, देवळीतली पुरचुंडी कुठंय?"

"खाल्ली की."

"खाल्ली?"

"तू मुरुडला. मला वाटलं, माझ्यासाठीच बांधून ठेवलीस."

"अवो, मिलभर पोती पडलीत आणि तुम्हाला तीच घावली?"

"मुठीसाठी पोतं कोण उसवतंय?"

"बरं, शिजली का नीट?"

"सोडा घातला तरी गांगडू राहिले. चावत बसलो."

आमचं पाणी गोडं. त्यात आजवर कुठली डाळ अडली नव्हती. मी परत आत गेले.

"पाण्याचं न्हाई दादा. आमच्या घरीही यजमानांनी हीच शिजवली, टणकच राहिली. पोती परत नेते."

"आम्ही घेतो म्हणून राहिलो की!"

"नमुना जुळला, खरं हाय. पण ही खोट नमुन्यात दिसत नव्हती. ती आमच्याच अंगावर."

मग धाकट्यानं ताटातली डाळ पुन्हा फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली.

"दुसरी घेऊन या मावशी. पण आधी काकांना खाऊ घाला."

ड्रायव्हर खो खो हसला. मला काही हसू येईना. भरल्या ट्रकात मांडीवर पुरचुंडी घेऊन बसले, ती उदगीर येईपर्यंत.