न पडलेली पाकळी
अनंताच्या फुलांचा वास आला की गावदेवीच्या देवळातली ती सकाळ आठवते. मी आणि धाकटी जाऊ कौल लावायला गेलो होतो. दोघींचे नवरे महाडच्या कारखान्यात कंत्राटी, ते कायम होतील का, एवढंच विचारायचं होतं. गुरवाने देवीच्या अंगावर दोघींच्या नावाने अनंताच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. जावेची लगेच उजवीकडे पडली, म्हणजे होकार. माझ्या पोटात दुखलं. माझी जागची हलेना. "देवीनं नकार दिला नाय, धीर धर सांगतेय," गुरव म्हणाला. खाली आमची परतीची पोलादपूरची एसटी हॉर्न देत होती. "तू जा गो," मी जावेला तुटकपणे म्हटलं. ती माझ्या शेजारीच बसली. "एकटीचा होकार घेऊन घरात कशी शिरू, ताई?" एसटी निघून गेली. तिचा नवरा त्याच वर्षी कायम झाला, माझा अजून कंत्राटीच आहे. तिच्या पाकळीचा हेवा केव्हाच सरला. तिच्या त्या बसून राहण्याचा मात्र अजून वाटतो.