आप्पा, अकरा ते साडेअकरा

आप्पा गेले तेव्हा मी नाशिकच्या एका दवाखान्यात पोट साफ करायचं खारट पाणी पेला-पेला करून संपवत होते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची तर आतडं आधी रिकामं करावं लागतं. शेवटचा पेला हातात होता आणि ब्राह्मणपुरीहून नवऱ्याचा फोन आला. "आप्पा गयात. तू निंघ आते." मी म्हटलं, "दुर्बीण व्हई जाऊ दे, मंग निंघस." तो म्हणाला, "लोके काय म्हनतीन?" "लोकेस्ना पोटमा दुर्बीण नही जाई ऱ्हायनी," मी म्हटलं आणि पेला संपवला. एका नव्या औषधाच्या अभ्यासात मी वर्षभर होते आणि ही त्यातली शेवटची तपासणी होती. ठरलेल्या दिवसांत झाली नसती तर माझं वर्ष वाया गेलं असतं आणि पुढचं औषधही हातचं गेलं असतं. तपासणी झाली. त्याच दिवशी पुढच्या गोळ्यांची डबी हातात मिळाली. मी घरी पोचले तेव्हा अग्नी देऊन मंडळी परतली होती, अंगणात चपलांचा ढीग होता. सासऱ्याच्या अंत्यदर्शनाला न आलेली सून म्हणून माझं नाव झालं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. याहून वाईट नाव माझं आप्पांनी स्वतः करून ठेवलं होतं.

याला आता सहा आठवडे झाले. मधे याच पुरवणीत गावातल्या एका सरांनी आप्पांवर लिहिलं. दूध सोसायटीचे चेअरमन, स्पष्टवक्ते, शिस्तीचे, हे सगळं खरं आहे. शेवटी मात्र त्यांनी लिहिलं की, सुनेच्या दुखण्यात तिला संकोच वाटू नये म्हणून रोज अकराच्या ठोक्याला घर सोडणारा असा सासरा होणे नाही. ते वाचून लोकांनी मला फोन केले आणि भाग्यवान म्हटलं. म्हणून मी लिहिते आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला माहीत आहे. पण जिवंत माणसाच्या पोटाबद्दल आप्पा रोज बोलत होते, तेव्हा हा नियम कोणाला आठवला नाही.

दहा वर्षांपूर्वी मला मोठ्या आतड्याचं दुखणं लागलं. आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं. जावं लागतं म्हणजे तेव्हाच जावं लागतं, थांबता येत नाही. आता आमचा संडास कुठे आहे ते सांगते. आमच्या गल्लीतला तो पहिला. आप्पांना त्याचा फार अभिमान, म्हणून तो त्यांनी मागे न बांधता पुढे बांधला, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा, ओट्याला लागून. दाराला निळा रंग दिला. आणि त्या दारासमोर चार पावलांवर ओट्यावर त्यांची खाट. सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत आप्पा त्या खाटेवर बसून पेपर वाचायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे. आत नळ नाही. पाण्याचा डबा हातात घेऊन सासऱ्याच्या गुडघ्यांजवळून जायचं आणि परत यायचं. माझ्या सासूने उभ्या हयातीत दिवसा ते दार उघडलं नाही. मीही उघडलं नाही. पहाटे एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा. मधल्या वेळासाठी माझ्याकडे तीन उपाय होते. एक, दिवसा जेवायचं नाही. दोन, शहाद्याच्या मेडिकलमधून जुलाब बंद करायच्या गोळ्या आणून खायच्या. तीन, शेतात जायचं. आमचा ऊस आहे, आणि उसात कोणी खाट टाकून बसत नाही. मी निंदणीला जायची, पाणी भरायला जायची, काम नसताना बांधावर जाऊन उभी राहायची. आप्पा सगळ्यांना माझ्याबद्दल सांगायचे, मोठी वहू, मोठी सून, कष्टाची शे. माझ्या कष्टाळूपणाचं मूळ ते होतं.

चेहरा सुजवणाऱ्या गोळ्या खाऊन हाडं दुखायला लागली, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी अभ्यासाचं सांगितलं. आतडं काढून टाकायची वेळ येऊ नये म्हणून एक नवी गोळी तपासत होते. पण आत घेण्याआधी पंधरा दिवस डायरी लिहायची, रोज किती वेळा गेलात, रक्त होतं का. आजार ठरावीक प्रमाणाच्या वर असला तरच नाव घेणार. मी खरं लिहिलं, रोज दोन. डॉक्टरांनी डायरी पाहिली, दुर्बिणीतले फोटो पाहिले आणि चष्मा काढला. "ताई, आत सगळं सोललेलं आहे. आणि तुम्ही दोनदा जाता?" मी म्हटलं, जाते दोनदाच. मेडिकलमधल्या गोळ्यांचं ऐकल्यावर त्यांचा आवाज चढला. या आजारात त्या गोळ्यांनी आतडं फुगून फुटू शकतं, आणि फुटलं तर नाशिकपर्यंतही पोचणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं, मग डायरीत नऊ लिहिते. ते म्हणाले, "तसं नाही चालत. झालं तेवढंच लिहायचं."

त्यांनी अभ्यासाच्या सिस्टरला आमच्या घरी पाठवलं, पाणी-जेवण बघायला. चांगली मुलगी होती, जळगावकडची. ती ओट्यावर बसली, कागद काढला आणि मला विचारलं, "दिवसातून साधारण किती वेळा जाता?" मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून उत्तर आलं. "दोन डाव. आमन्या घरन्या बाया शिस्तमा ऱ्हातस." सिस्टरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा निळ्या दाराकडे आणि मग माझ्याकडे. मला तेव्हा कळलं की आप्पा मोजत होते. मग तिने त्यांना नीट समजावून सांगितलं, आजार काय आहे, रोखून धरण्याने काय होतं, यांना दिवसा मोकळेपणी जाता आलं पाहिजे. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चेअरमन होते, निर्णय द्यायची सवय होती. "उद्यापाईन अकरा ते साडेअकरा मी पारवर बठसू," ते म्हणाले. "तेवढामा उरकी ल्या." सिस्टरने विचारलं, "आणि बाकीच्या वेळी?" आप्पा पेपर उघडत म्हणाले, "बाकी टाइमले शिस्त."

दुसऱ्या दिवशी अकराला ते काठी घेऊन मारुतीच्या पारावर गेले. कधी न जाणारा माणूस या वेळी कसा आला, म्हणून तिथल्यांनी विचारलं, आणि आप्पांनी सांगितलं. सगळं सांगितलं, रक्तासकट. आठवडाभरात पारावर त्याचं घड्याळ झालं. "आप्पा उनात, अकरा वाजनात." कोणी मुद्दाम विचारायचं, "आप्पा, वहूनं व्हयनं का?" आणि आप्पा हसून, "व्हई ऱ्हायनं, बठ." मी किराणा आणायला निघाले की पारावरचं बोलणं थांबायचं. त्यांना यात काही वाईट वाटत नव्हतं, हे मी मान्य करते. त्यांना वाटत होतं आपण त्याग करतो आहोत, आणि त्याग केला तर तो लोकांना कळायला नको का... मला मात्र तो अर्धा तास भिकेत मिळाल्यासारखा वाटायचा. आणि माझं पोट काही सोसायटीत दूध घालायला येत नव्हतं की वेळ ठरवून दिली आणि आलं.

डायरी पुन्हा लिहायची संधी एकदाच मिळणार होती. पहिल्या दिवशी अकराला गेले. मग सव्वाबाराला कळ आली, तेव्हा आप्पा खाटेवर परत आले होते. मी डबा भरला आणि त्यांच्या समोरून गेले. ते खाकरले. दोनला पुन्हा गेले, पुन्हा खाकरले. सव्वाबारापासून संध्याकाळपर्यंत मी सात वेळा गेले आणि ते सात वेळा खाकरले. शेवटी शेवटी तर त्यांनी खाटेवर तोंड भिंतीकडे करून घेतलं होतं, पण खाकरायचं सोडलं नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, "तिले पंधरा दिन माहेर धाडी दे. घरनी लाज ऱ्हाऊ दे." नवऱ्याने मान हलवली. तो आयुष्यभर मान हलवत आला आहे.

माझं माहेर सारंगखेड्याचं. तिथे संडास परसात आहे आणि वडील नाहीत. पंधरा दिवस मी दोन्ही वेळ जेवले, मेडिकलच्या गोळ्या बंद केल्या आणि डायरी लिहिली. नऊ, आठ, अकरा, नऊ. रक्त, हो. आई म्हणाली, "एवढं का लिखी ऱ्हायनी, पोथी शे का?" तसंच होतं थोडंसं. त्या आकड्यांवर माझं नाव अभ्यासात घेतलं गेलं. आप्पांनी हाकललं नसतं तर घेतलं गेलं नसतं, हे मी त्यांच्या नावावर लिहायला तयार आहे, फक्त त्यांच्या हेतूशिवाय.

अभ्यासाची रीत अशी की निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साधी, आत औषध नसलेली; दोन्ही नेहमीच्या औषधांच्या जोडीला. कोणाला कुठली, ते मलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सगळं संपल्यावर पाकिटं उघडायची. सासरी परतले तेव्हा मी ठरवूनच आले होते, कळ आली की जायचं. आप्पा खाकरत राहिले, मी जात राहिले. अकराला ते पारावर जायचेच, नेम होता. आणि माझे आकडे उतरू लागले. नऊचे सात, सातचे पाच, आणि सहा महिन्यांत चार. रक्त कमी झालं. मी सगळ्यांना सांगितलं, गोळीचा गुण. आप्पांनी पारावर सांगितलं, "देखा, अकराना टाइम लावा आनि आराम पडना." एकदा मी घरात चिडून म्हटलं, गोळीने पडला. तेव्हा त्यांनी पेपर खाली केला. "डॉक्टरलेच माहीत नही तू काय खाई ऱ्हायनी," ते म्हणाले. "मंग माले माहीत शे." पाकीट उघडेल तेव्हा त्यांच्या समोर खाटेवर ठेवीन, एवढं मनात धरून मी वर्ष काढलं. त्यांच्याशी त्याहून मोठं काही बोलायचं मला उरलं नव्हतं.

परवा सिस्टरचा फोन आला. पाकिटं उघडली होती. "ताई," ती म्हणाली, "तुमची गोळी साधी होती." मी ओट्याच्या पायरीवर बसले. मी विचारलं, मग नऊचे चार कशाने झाले? ती म्हणाली, काही जणांना साध्या गोळीनेही उतार पडतो, का ते आम्हालाही पुरतं कळत नाही. म्हणजे आप्पा असते तर जिंकले असते. त्या दिवशी ते पारावर सगळ्यांना सांगत बसले असते, साडेअकराला परत आलेच नसते. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाचा मला राग होता, आणि रोज मी तो वापरतही होते. दिवसभरात तेवढ्याच वेळी मी कोणाच्या खाकरण्याकडे कान न देता बसायचे. त्याचा गुण आला असेल का... मला तसं वाटत नाही. माहेरी जेवायला लागले त्याचा असेल, मेडिकलच्या गोळ्या सोडल्या त्याचा असेल. पण मला वाटून काय उपयोग, वाटण्यावर तर आप्पाही चालायचे.

सिस्टरने मग नेहमीचे प्रश्न विचारले, कारण शेवटच्या तपासणीपासून सगळ्यांनाच खरी गोळी सुरू केली आहे. दिवसाला किती वेळा? मी म्हटलं, दोन. खरोखरचे दोन. रक्त? नाही. "छान," ती म्हणाली. "या सहा आठवड्यांत घरात, जेवणात काही बदल?" मी म्हटलं, सासरे वारले. तिने विचारलं, "गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात?" त्याच दिवशी, मी म्हटलं. "मग हा उतार नेमका कशाचा, ते सांगणं अवघड आहे ताई," ती म्हणाली, आणि मला ते पटलं.

काल नवऱ्याने शहाद्याहून आप्पांचा मोठा फोटो करून आणला, चंदनी हार घातलेला, डोळे सरळ समोर. ओट्याच्या भिंतीवर खिळा ठोकायला तो हातोडी घेऊन उभा राहिला, बरोबर निळ्या दारासमोर. मी त्याच्या हातातून फोटो घेतला. "आते नही," मी म्हटलं. "गोळीले सहा महिना व्हवू दे. एक टाइमले एकच बदल." त्याला काही कळलं नाही, त्याने मान हलवली. फोटो आत कोठीत ठेवला आहे, तोंड भिंतीकडे करून. सहा महिन्यांनी तो ओट्यावर लागेल, माझी काही हरकत नाही. त्या दिवसापासूनचे आकडे मी वेगळ्या वहीत लिहिणार आहे.