वन्संचं शिलाई मशीन

आमच्या घरामागचा कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना कालपासून कायमचा बंद झाला. आमच्या कामतघर भागातली दुपार इतकी शांत असू शकते हे माहीतच नव्हतं. डोळा लागेना. कूस बदलता बदलता वन्संच्या गावची, दिघाशीची एक दुपार आठवली.

दीड वर्षाच्या मुक्ताला घेऊन आम्ही पहिल्यांदाच वन्संकडे गेलो होतो. जेवणं झाली, गाव सामसूम झालं आणि मुक्ता रडायला लागली ती थांबेचना. मांडीवर झोके देऊन झाले. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर सगळ्यांना ठसका लागला, म्हणजे दृष्टही नव्हती. मी वैतागून निघायची पिशवी भरायला घेतली.

वन्सं म्हणाल्या, "थांब गं. पोरीला काय दुखत न्हाय. तिला तुमच्या लूमच्या खटखटीची सवय हाय."

सुईत दोरा न ओवताच त्यांनी शिलाई मशीन चालवायला घेतलं. मुक्ता झोपली. पाय थांबला की ती डोळे उघडायची, म्हणून वन्सं ऊन उतरेपर्यंत पाय मारत राहिल्या. मी मात्र परतीच्या गाडीची वेळच बघत होते.

वन्सं गेल्यापासून ते मशीन माझ्याकडे आहे. मघाशी शेवटी उठले आणि चालवायला बसले. दोरा ओवला नाही.