पाणी कोण घालणार?

मंदीत नवऱ्याची नोकरी गेली आणि दुबई मरीनातला फ्लॅट सोडून आम्ही माझ्या शाळेतल्या नोकरीच्या भरवशावर अल ऐनला आलो. एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या आमच्या, पुढची खोली एका फिलिपिनो नर्सची. तिने अंगणात रंगाच्या रिकाम्या बादल्यांत तिच्याकडच्या भाज्या लावल्या होत्या. कांगकाँग, म्हणजे आपली कोकणातली नाळीची भाजी, एसीच्या नळीतून टपकणाऱ्या पाण्याखाली, भिंतीवर मायाळू, आणि दोरीवर हातभर लांब चवळीच्या शेंगा. तिची ड्युटी लांबायची, म्हणून जरा पाणी घालाल का, असं तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने पाणीच काय, सगळा कारभारच हाती घेतला. सुरुवातीला मला बरं वाटलं. निदान माणूस अंथरुणातून उठत होता. पण पुढे त्याचं बाकी सगळंच थांबलं. सीव्ही पाठवणं बंद, फोन करणं बंद. मी दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसवून घरी यायचे, तर हा उत्साहाने मायाळूची भजी तळत उभा. नर्सने त्याला व्हिनेगर आणि सोया सॉसमधलं कांगकाँग शिकवलं. त्यात याने गोडा मसाला घातला, तेव्हा तीसुद्धा बिचारी दोन घास खाऊन उठली. लेक ताट बघून म्हणायची, "नॉट अगेन, बाबा." मला तर पालेभाजीचा वीट आला होता.

एका संध्याकाळी त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. अबू धाबीत बांधकामाच्या साइटवर जागा होती, रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. कळवतो म्हणून याने फोन ठेवला आणि शेंगा मोडायला बसला. कधी निघतोयस, मी विचारलं.

"आत्ता कसं जमेल? शेंगा ऐन भरात आल्यात. पाणी कोण घालणार?"

माझं डोकं फिरलं. वाटलं, त्या सगळ्या बादल्या लाथेने उलथ्या कराव्यात. पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. मी त्याच्यासमोर फरशीवर बसले.

"मी दमलेय रे," म्हटलं. "मला एकटीला आता नाही झेपत."

त्याने आणखी एक शेंग मोडली. मग खालमानेने म्हणाला, "परत नको म्हणाले तर?"

"तर ये घरी. भाजी आहेच."

रविवारी पहाटे बादल्यांना पाणी घालून तो अबू धाबीच्या बसला गेला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या ओल्याच होत्या. मी फाटक लावलं आणि पायरीवर बसून रडले. नोकरी त्याची गेली तेव्हाही मी रडले नव्हते. दोघांपैकी एकाने तरी उभं राहायला हवं होतं. शाळेला उशीर होत होता. मी होऊ दिला.