देवचाराच्या राशीतला भुंगेरा

"उडूंक येना, म्हणजे खंय गेलो नाय. हंयच आसा." असं म्हणत बाई कमरेवर हात ठेवून सड्याकडे पाहायच्या, जणू दडी मारलेला विद्यार्थी कुठल्या बाकाखाली आहे ते त्यांना ठाऊकच आहे.

शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. निवृत्तीनंतर शेजार सुटला नाही आणि त्यांचा भुंगेरा माझ्या मानगुटीवरून उतरला नाही. तरुणपणी हळर्णच्या वरच्या सड्यावर त्यांनी तो एकदाच पाहिला होता. काळाकुळकुळीत, पाठीवरची दोन झाकणं कायमची चिकटलेली. पुढे तो कुणालाच दिसला नाही.

सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, तुम्हीही बसमधून पाहिला असेल, आणि काहीच नाही म्हणून मान वळवली असेल. जांभा दगड, करवंदीच्या जाळ्या, करपलेलं गवत. जमिनीच्या मालकाने, आमच्या भाटकारांनी, तो चिरेखाणीला द्यायचं ठरवलं तेव्हा गावात कुणाला काही वाटलं नाही. बाई मात्र तडक त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

"चिरे काडशात तर तो पळतलो खंय? तेका पाखां नाय."

भाटकार हसले. "बाईनू, जितो दाखवा. मगे बगूया. चवथीपर्यंत थांबतंय."

झालं! गणपतीपर्यंतची मुदत मिळाली आणि भर पावसात नवऱ्याचे गमबूट घालून बाई सड्यावर. स्कूटर माझी, छत्री धरायला मी. प्रत्येक दगड उचलून खाली बघायचं आणि जसा होता तसा परत ठेवायचा. मी एकदा कंटाळून तसाच टाकला, तर म्हणाल्या, "कोणाच्या घराचा छप्पर काडलंस तर परत घालूक नको?"

पायवाटेवर देवचाराची रास आहे. येणारा-जाणारा तिथे एक दगड आणि हिरवा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, ठेवतो. देवचार म्हणजे आमच्या सीमेचा राखणदार. त्याचा दगड कुणी हलवत नाही.

"बाई, ही रास राहिली," मी म्हटलं.

"ती देवचाराची," त्या म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. भुताखेतांना घाबरू नका म्हणून जन्मभर पोरांना दटावणाऱ्या बाई! मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्या विड्यांचं बंडल आणि फेणीची बाटली घेऊन आल्या. विडी ओढणाऱ्या किती पोरांचे कान त्यांनी पिळले असतील देव जाणे. दोन्ही राशीपुढे ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवचारा, ह्यो तुझो मान. एकेक फातर काडतंय, परत जाग्यार ठेवतंय. तुझ्याच राशीतल्या जिवाक राखूचा आसा, यश दी." मग माझ्यावर डोळे वटारले. "म्हण गे!"

"व्हय महाराजा!" मी म्हटलं.

कुजलेल्या टाळ्यांच्या ओलाव्यात तो होता. बाईंनी तळहात पुढे केला आणि तो शांतपणे त्यावर चढला. बाई रडल्या. मीही रडले. छत्री वाऱ्याने करवंदीत जाऊन अडकली, तरी आम्ही दोघी हललो नाही.

भाटकार वर आले. वाकून बघितलं. "इतकोच?" जाताना म्हणाले, "बरा. दर वर्सा चवथीच्या आदी माका दाखवा. ज्या वर्सा दिसचो नाय, त्या वर्सा मशीन चडतला."

तेव्हापासून बाई दरवर्षी चढल्या. आधी काठीने, मग माझ्या खांद्याला धरून. मी रागावले की उत्तर तयार, "गुडघे गेले तर माझे जातले. सडो गेलो तर तेचो संवसार जातलो."

यंदा बाई नाहीत. हिवाळ्यात गेल्या.

मी एकटीच वर गेले. भाटकारही थकलेत, ते खाली वाटेवर खुर्ची टाकून बसले होते. गाऱ्हाणं मीच घातलं. दगडामागून दगड उचलला, खाली नुसता चिखल. मशीनचा आवाज कानात येऊ लागला, खरं तर कुठेच नव्हता तो. रास तळाशी आली तेव्हा एका काळ्या पानाखाली काहीतरी हललं.

डब्यात पानं घालून त्याला खाली नेलं. भाटकारांनी डबा चष्म्याजवळ धरला, मग हळूच माझ्या हातात परत दिला.

"बाईंका सांग," ते म्हणाले.

बाई आता कुठे! पण त्याला जागच्या जागी सोडून शेवटचा दगड लावला आणि राहवेना. त्या उघड्या सड्यावर उभी राहून मी जीव खाऊन ओरडले, "बाई, मेळलो गे! मेळलो!"