सुमनताईचा गळ

मंडळी, आज सकाळी चौक गावातल्या एका दुकानात गळाला लावायचा रबरी खेकडा पाहिला आणि माझी थोरली जाऊ आठवली. सुमनताई.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पोशीरला नदीवर आम्ही दोघी गळ टाकायचो. आमिष एकच, बारका खेकडा. पण माझा गळ दगडात अडकायचा आणि तिला मरळ लागायची. "सुमनच्या हाताला गुण हाय," सासूबाई येईल त्याला सांगायच्या. ऐकून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी झाडाआडून तिचे हात न्याहाळत होते. मान न वळवता ती म्हणाली, "लपून काय बघतेस गं? ये हितं. गळ खेकड्याच्या पाठीमागनं घाल, टोक त्याच्या अंगातच लपव. मंग दगडात अडकत नाय."

दुसऱ्याच दिवशी मला हातभर लांब मरळ लागली. धावत घरी आले आणि सासूबाईंपुढे ठेवली.

त्या कौतुकानं म्हणाल्या, "बघा, सुमननं कसं शिकवलं हिला!"

त्या मरळीचा एकही घास मला गोड लागला नाही.

जिच्यावर जळलात, तिच्याकडूनच शिकायची वेळ तुमच्यावर कधी आली का हो?