कोंडाजीदादाचं चमचाभर तेल

माझा भाऊ कोंडाजी चमचाभर तेलासाठी झुरून मेला. हे मी कोणापुढेही बोलेन, त्याच्या पोराच्या, अक्षयच्या तोंडावरसुद्धा.

खरवईत आमची घरं पाठीला पाठ लावून. दादा बदलापूर गावातल्या तेलघाण्यावर चौतीस वर्षं कामाला होता. शेंगदाणा, करडई, तीळ, खुरासणी, डोळे झाकून वासावर ओळखायचा. बायका तेल न्यायला आल्या की फुकटचं ज्ञान सुरू. तळायला शेंगदाण्याचं न्या. जवसाचं तापवू नका, वरून घ्या, नाहीतर त्यातलं सत्त्व जातं. एकाच तेलात सगळं नसतं, आलटूनपालटून वापरा. स्वतःचा जीव मात्र खुरासणीवर. भाकरी, त्यावर लसणाची चटणी, चटणीत बोटाने खळगा आणि खळग्यात कच्चं तेल. एवढं मिळालं की स्वारी खूश.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात स्टेंट बसवली. तिथल्या आहाराच्या मॅडमने कागदावर लिहून दिलं, तळलेलं बंद, तेल दिवसाला तीन चमचे. अक्षय अंबरनाथला एमआयडीसीत सुपरवायझर, म्हणजे शहाणा. त्याने ठरवलं, तीन चमच्यांनी बरं वाटणार असेल, तर तेल अजिबातच बंद केलं की बाबा शंभर वर्षं जगतील. सून सोनियाने दादाचं ताट वेगळं केलं. वाफवलेला दुधी, पाण्यातली डाळ, कोरडी भाकरी. खुरासणीची बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. आणि रविवारी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून फरसाण आणून दोघं म्हाताऱ्यासमोर बसून खायची. मेल्यांना लाज कशी ती नाही.

कोरडं घशाखाली उतरत नाही म्हणून दादा अर्धीच भाकरी खाऊन उठायचा, मग पाव भाकरी, मग नुसतीच डाळ. चार महिन्यांत बावन्न किलोचा एकेचाळीसवर आला. अक्षय शेजारीपाजारी सांगत फिरला, बघा, बाबा कसे स्लिम झाले.

एका दुपारी तो माझ्या मागच्या दाराशी आला. हातात भाकरीचा तुकडा, वर चटणी, आणि चटणीत खळगा करूनच आणलेला.

"गोदू, चमचाभर टाक गं. कोणाला नाही सांगणार."

अक्षयने मला आधीच शपथ घातली होती, आत्ये, तू तेल दिलंस आणि बाबांना काही झालं तर ते तुझ्या हातून गेले समज. मी घाबरले. दाराला कडी लावली आणि आतूनच म्हटलं, "घरी जा दादा." तो बराच वेळ तिथेच उभा होता. मग चपला घासत गेला. त्यानंतर माझ्याकडे काही मागायला कधी आला नाही.

दिवाळीनंतर तो मोरीत पडला तो उठलाच नाही. हॉस्पिटलात त्याच मॅडमने विचारलं, काय जेवतात? सोनियाने कौतुकाने सगळं सांगितलं. वर्षभर तेलाचा थेंब दिला नाही म्हणाली. मॅडमने दादाचं मनगट हातात धरलं.

"मी तीन चमचे लिहिले होते. हा माणूस उपाशी आहे."

तिसऱ्या दिवशी दादा गेला.

आमच्यात शेवटच्या आंघोळीआधी अंगाला तेल लावतात. अक्षयने किल्ली आणली, कपाट उघडलं आणि अख्खी बाटली बापावर ओतली. डोक्याला, छातीला, तळपायांना. अंग ते केवढंसं, तेल पाटावरून ओघळून अंगणातल्या मातीत गेलं. पोराने सगळं रीतसर केलं असं भावकी म्हणाली. मी गप्प बसले, कारण कडी मीही लावली होती.

मग माझी पाळी आली. मी बोट तेलात बुडवलं आणि दादाच्या ओठांना लावलं. आता मला कोणी अडवलं नाही.